दर संध्याकाळी वर येणारा तळ

मित्रांनो, मी एक जुना फिशफाइंडर आहे, म्हणजे मासे शोधणारे यंत्र. माझा डबा बोटीच्या केबिनमध्ये, सुकाणूच्या शेजारी असायचा. माझे तोंड आणि कान मात्र बोटीच्या तळाशी, पाण्यात. तिथून मी खोल समुद्रात हाक मारायचो. खालून जो प्रतिध्वनी यायचा, तो माझी सुई कागदाच्या गुंडाळीवर काळ्या रेघांनी काढायची. ऐकायचे आणि काढायचे, एवढेच मला येते. बोलता येत नाही. त्यापायी मला काय काय मुकाट पाहावे लागले, ते सांगतो.

एका कारखान्यात माझ्या तारा जुळल्या आणि आबांनी मला विकत घेतले. आबा म्हणजे बोटीचे कप्तान. त्यांची मुलगी इंजिन सांभाळायची, तिला सगळे ताई म्हणत. धाकटा मुलगा जाळी बघायचा, तो भाऊ. एक आचारीही होता. त्याची जीभ त्याच्या सुरीपेक्षा धारदार होती.

पहिल्याच सफरीत मी सगळ्यांची तारांबळ उडवली. आम्ही भर समुद्रात होतो. तळ इतका खोल की माझी हाक तिथवर पोचतही नव्हती. सूर्य कलला आणि माझी सुई खालच्या बाजूला एक जाड, काळा पट्टा काढू लागली. पट्टा हळूहळू वर सरकत होता.

"ताई, इंजिन मागे घे!" आबा ओरडले. "तळ वर येतोय! खडक आहे खडक!"

सगळ्यांनी श्वास रोखले. पट्टा बोटीच्या अगदी खाली आला, पण बोटीला साधा धक्काही बसला नाही. शेवटी भाऊने एक लहान जाळे सोडून वर ओढले. त्यात बोटाएवढे मासे होते. डोळे टपोरे, आणि पोटावर निळसर दिव्यांचे ठिपके.

आचाऱ्याने एक उचलून आबांपुढे धरला. "हा घ्या तुमचा खडक! तळायला टाकला तर कढईत हरवेल."

आबा स्वतःही पोट धरून हसले. पुढे त्यांना कळले, की हे मासे दिवसभर खोल अंधारात लपतात, म्हणजे कुणाला दिसू नयेत. अंधारले की लाखोंच्या संख्येने पोट भरायला वर येतात आणि उजाडण्याआधी परत खाली जातात. त्यांच्याबरोबर इवलीशी कोळंबी असते, मऊ अंगाचे, लांब सोंडांचे लहान माकूळ असतात. मोठे मासे त्यांच्यावरच जगतात. आबा त्यांना 'बत्तीवाले' म्हणत. बत्तीवाले जिथे दाट, तिथे आबा मोठ्या माशांसाठी गळ टाकत आणि माझ्या डब्यावर थाप मारून म्हणत, "शाब्बास रे पठ्ठ्या!" ते माझे सुखाचे दिवस होते.

मग वर्षे गेली. आबांचे गुडघे थकले. सुकाणू भाऊच्या हाती आले. मोठे मासे कमी मिळू लागले आणि बंदरावर एक नवा कारखाना उभा राहिला. तिथे कसलाही बारीक मासा घेऊन कोंबड्यांच्या खाद्यासाठी त्याचा भुगा करत. भाऊने बारीक भोकांचे भलेमोठे जाळे आणले.

"भाऊ, हे मोठ्या माशांचं जेवण आहे," ताई म्हणाली. "ताटच उचललंस तर जेवायला कोण येईल?"

"समुद्र म्हणजे काय तुझा डबा आहे का, खाल्ला की संपला?" भाऊ म्हणाला. "आणि रिकामी बोट घेऊन घरी कोणत्या तोंडाने जायचं?"

दोघांचेही खोटे नव्हते. आबा माझ्याजवळच्या बाकावर बसून होते. एकदा सुकाणू मुलाला दिले, आता मध्ये बोलायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

त्या संध्याकाळी पट्टा वर आला आणि जाळे त्याच्या मधोमध शिरले. जाळे गच्च भरत चालले होते. माझी सुई जीव तोडून काढत होती, पण भाऊचे लक्ष बाहेर, दोरांकडे होते.

आबांना राहवले नाही. "भाऊ, भरलं रे. ओढ आता."

"थोडं अजून, आबा."

ते थोडे फार झाले. जाळे ओढायला घेतले, तशी बोट एका कुशीवर कलली. भांडी गडगडत गेली. आबा बाकावरून घसरले आणि भिंतीशी अडकले. पाणी कठड्यावरून आत आले.

"दोर तोड!" ताई किंचाळली. "आबा आत आहेत, भाऊ!"

भाऊने कुऱ्हाड उचलली आणि दोरावर घाव घातले. जाळे सुटले, फाटले, बोट सरळ झाली. माणसे वाचली.

मासे वाचले नाहीत, ते जाळ्यातच चेंगरले होते. रोज पहाटे ते उतरत तेव्हा कागदावर एकसंध, तिरकी पट्टी उमटायची. त्या संध्याकाळी नुसते ठिपके उमटले. विखुरलेले, सावकाश बुडणारे.

भाऊ ओल्या कपड्यांनी आत आला. आबांना उठवून बसवताना त्याची नजर कागदावर गेली. "आबा, हे काय?"

"तेच आहेत," आबा म्हणाले. "खाली चाललेत. पण आपल्या पायांनी नाही."

भाऊने पुन्हा तसले जाळे बांधले नाही. पण बत्तीवाले कुठे दाट असतात, ही बातमी बंदरावर पसरायला कितीसा वेळ लागतो? माझ्याहून हुशार यंत्रे लावलेली मोठी जहाजे तिथे आली. भाऊने रेडिओवरून विनवले, "दादा, थोडे तरी सोडा."

उत्तर आले, "आम्ही सोडले तर दुसरा धरेल. मासे काय तुझ्या नावाचे आहेत?"

दर संध्याकाळी मी हाक मारत होतो आणि दर संध्याकाळी पट्टा जुन्या चादरीसारखा विरत होता. मला सगळे दिसत होते. मी फक्त ते काढून दाखवत होतो. मोठे मासे आलेच नाहीत. अखेर बोट विकली गेली.

आता मी ताईच्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानात, तेलाच्या डब्यांशेजारी फळीवर असतो. अंगावर धूळ बसते, सवड मिळेल तशी ताई पुसते. परवा आबा आले आणि मला चालू करायला सांगितले. सुई फिरली. कागद कोरा सरकत राहिला.

"आबा, याचा कान आता पाण्यात नाही," ताई हळूच म्हणाली.

"माहितेय गं," आबा म्हणाले. "बघू दे जरा."

कागद संपेपर्यंत ते बघत बसले.

मित्रांनो, तिकडे आजही ऊन कलल्यावर उरलेले बत्तीवाले वर निघत असतील. ते कुणाच्या ओळखीचे नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कुणी भांडत नाही. तुम्ही त्यांची ओळख ठेवा. आणि तुम्हाला बोलता येते, ते वाया घालवू नका. मला बोलता आले असते, तर त्या भल्यामोठ्या जाळ्याच्या वेळीच म्हणालो असतो, "भाऊ, आता पुरे."