लिझोटांच्या घरचा माग्ल्वार

आमच्या सें-वाल्मोरमध्ये कोण कुणाचा कोण लागतो हे दोघांनाच ठाऊक: देवाला आणि मला. देव विचारलं तरी सांगत नाही, म्हणून लोक माझ्याकडे येतात. तेहतीस वर्षं मी इथल्या पोरांना लिहायला-वाचायला शिकवलं. शाळा सुटल्यावर फादरच्या घरातल्या गारठलेल्या खोलीत बसून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या दोनशे वर्षांच्या वह्या वाचून काढल्या. आता कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली की घरचे माझ्याकडून वंशावळ करून घेतात आणि चौकट करून बैठकीत टांगतात. अझिल्दाबाईंच्या, म्हणजे माझ्या, वंशावळीत चूक आहे असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याचा कान धरून त्याला दाराबाहेर काढलं असतं.

एकोणीसशे अडतीसच्या नोव्हेंबरात एल्झेआर लिझोटनं झेलिया मिशोशी लग्न करायचं ठरवलं. तो बासष्टचा, सहा वर्षांपूर्वी बायको गेलेली. ती पंचावन्नची, विधवा, धक्क्याजवळ भाड्याच्या घरात राहणारी. उशिरा का होईना, दोघांचं बरं झालं, असं सगळं गाव म्हणालं. एल्झेआरची बहीण क्लेमांतिन तेवढी म्हणाली नाही. वहिनी गेल्यापासून त्या घरची चूल तिच्या हातात होती, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्या रविवारी फादरनी वेदीवरून लग्न पुकारलं आणि कुणाला काही हरकत असेल तर सांगा म्हणाले. चर्चमधली मिस्सा संपते न संपते तोच क्लेमांतिन त्यांच्या दारात उभी. या दोघांचा पणजोबा एकच, म्हातारा जेर्में लिझोट, असं तिनं सांगितलं. पुरावा काय, तर मीच केलेली वंशावळ, जी एल्झेआरच्या बैठकीत क्रुसाशेजारी टांगली होती.

पणजोबा एक असला की बिशपची परवानगी लागते. ती मिळतेही, साठीच्या माणसांचं लग्न मोडून बिशपला काय मिळणार? पण पत्र जायला-यायला महिना जातो. तोवर नाताळाआधीचे चार आठवडे सुरू होतात, त्यात लग्नं लागत नाहीत. म्हणजे गोष्ट गेली जानेवारीवर. इकडे झेलियाचं घर महिनाअखेर रिकामं करायचं होतं, आणि अमेरिकेत फॉल रिव्हरच्या गिरणीत असलेल्या मुलानं तिला आगगाडीचं तिकीट पाठवून ठेवलं होतं. तिचा पहिला नवरा दर हिवाळ्यात लाकूडतोडीला जंगलात जायचा आणि ही दाराकडे डोळे लावून बसायची.

"एल्झेआर, वाट बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय," तिनं त्याला स्वच्छ सांगितलं. "डिसेंबरात मी एक तर तुझ्या घरात असेन, नाहीतर फॉल रिव्हरला."

क्लेमांतिनला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच तर ती एवढ्या लगबगीनं गेली होती.

फादर नवे होते, क्वेबेक शहरातले, कागदाला फार जपणारे. बिशपच्या अर्जाला जोडायला प्रत्येक पूर्वजाची तारीख आणि पान क्रमांक द्या, म्हणाले. मला वाटलं, हा माझ्या डाव्या हाताचा मळ. जेर्मेंचा मुलगा, म्हणजे एल्झेआरचा आजोबा, माग्ल्वार. त्याचा बाप्तिस्मा मार्च १८३१, सापडला. लग्न १८५२, सापडलं. मग दुसरंच काही शोधताना दफनाच्या वहीचं पान उलटलं गेलं, आणि तिथे लिहिलं होतं: जुलै १८३१, जेर्में लिझोटचं मूल, माग्ल्वार, वय चार महिने.

मी लग्नाची वही पुन्हा काढून शेजारी ठेवली. चार महिन्यांचं मेलेलं पोर एकविसाव्या वर्षी लग्न कसं करणार?

आमच्याकडे मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवतात. म्हणजे दुसरा माग्ल्वार जन्मला असणार, असं म्हणून मी पुढची दहा वर्षं चाळली. त्याचा बाप्तिस्मा कुठेच नाही. शेवटी घरभेटीची वही काढली. दर जानेवारीत फादर घरोघर जाऊन माणसं मोजतात, तिची. १८३३च्या पानावर, जेर्मेंच्या घरात, नवरा, बायको, दोन मुली आणि त्याखाली तेव्हाच्या फादरच्या बारीक अक्षरात हे होतं: 'माग्ल्वार, वर्षाचा असावा. सप्टेंबरात उंबऱ्यावर मिळाला. दुपट्यात चिठ्ठी, बाप्तिस्मा झालेला आहे एवढीच. पोटचा नाही. उर्सुल म्हणते, आमचाच आहे.' पुढच्या वर्षी नुसतं 'मुलगा माग्ल्वार'. त्यानंतर कुणी काही विचारलेलंच दिसत नाही.

उर्सुल म्हणजे जेर्मेंची बायको. तिनं गेलेल्या लेकराचं नाव त्या परक्या पोराला दिलं आणि विषय संपवला. मीही दहा वर्षांपूर्वी तिच्यावर विश्वास ठेवून मोकळी झाले होते. दफनाची वही न बघता वंशावळ करायची, ही चूक माझ्या शाळेतल्या पोरीनं केली असती तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

आता लग्नाला अडचण उरली नव्हती. रक्ताचं नातंच नाही, तर बिशपचं काय काम? बावीस तारखेच्या मंगळवारी लग्न लागू शकत होतं. पण एल्झेआर लिझोट म्हणजे नऊ पिढ्या एकाच जमिनीवर नांदल्याचं विमा एजंटालासुद्धा ऐकवणारा माणूस. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगते, क्लेमांतिनचं तोंड बघायची घाईही झाली होती.

त्याच दुपारी एल्झेआरकडे गेले. सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. वह्यांतून मी उतरवून नेलेला कागद एल्झेआरनं तीनदा वाचला. क्लेमांतिन हात पुशीत स्वयंपाकघरातून आली, तिनं एकदाच वाचला आणि मटकन खुर्चीत बसली. तिच्याकडे बघून मला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही.

"जाळ तो," ती भावाला म्हणाली. "बिशपला लिही. जानेवारीत कर लग्न, मी आड येणार नाही. पण आपण कुणीच नाही असं गावाला कळू देऊ नकोस."

मी एल्झेआरला म्हटलं, "कागद तुझा. फादरना दिलास तर मंगळवारी लग्न. शेगडीत टाकलास तर मी कुठे बोलणार नाही. खोटी वंशावळ मात्र माझ्याकडून मिळणार नाही."

त्यानं विचारलं, "झेलियाला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस."

रविवारपर्यंत त्याचा काही निरोप आला नाही. झेलियाची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली मी येता-जाता पाहत होते, आणि तोंड बंद ठेवणं मला जन्मात एवढं जड गेलं नव्हतं.

रविवारी मोठ्या मिस्सेनंतर नेहमीसारखा दवंडीवाला चर्चच्या पायऱ्यांवरच्या खोक्यावर चढला. लिलाव सांगून झाला, एक मेंढी सापडली आहे, खूण सांगून घेऊन जावी, हेही झालं. मग एल्झेआरनं त्याला खाली उतरवलं आणि स्वतः वर चढला. हातात टोपी, डोकं उघडं, वर बर्फ भुरभुरतंय.

"सापडलं आहे," तो दवंडीच्याच चालीवर म्हणाला. "१८३२ साली, जेर्में लिझोटच्या उंबऱ्यावर, वर्षाचं एक पोर. नाव माहीत नाही, आईबाप माहीत नाहीत. तो माझा आजोबा. शंभर वर्षं झाली, कुणी मागायला आलं नाही. माझी नऊ पिढ्यांची बढाई तुम्ही ऐकून घेतलीत, आता हेही ऐका. कुणाचा असेल तर त्यानं आज बोलावं. नाहीतर मंगळवारी माझं लग्न आहे, बिशपच्या परवानगीशिवाय."

क्लेमांतिननं माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे आठवडाभर वळ राहिला. लोकांच्या नजरा तिच्याकडेही वळायला लागल्या होत्या.

गर्दीतून वाट काढत झेलिया पुढे आली. जेर्मेंच्या दोन मुलींपैकी एक मठात गेली आणि दुसरी झेलियाची आजी, म्हणजे त्या पायऱ्यांवर जेर्मेंचं खरं रक्त एकटी तीच होती. तिलाही ते तेवढ्यात कळलं असावं, कारण ती खोक्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आमचा आहे," ती म्हणाली. "माझ्या पणजीनं घरात घेतलेलं पोर आहे ते. तिनं दिलं नाही, मीही देत नाही."

मग तिनं मान वळवून क्लेमांतिनकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा आमच्याच, वन्सं. खूण सांगायची गरज नाही."

क्लेमांतिननं माझा दंड सोडला आणि सगळ्या गावासमोर रडली.