कच्चा दोरा

चिंधीने खाणं सोडलं तो सोमवार होता, आणि बुधवारपर्यंत मी येईल त्याला सांगत होते की हे निव्वळ नखरे आहेत. माझं चुकलं. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या तोंडाकडे बघत बसायला नको.

आम्ही दोघी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतराने गेले आणि मागे उरल्या दोन खोल्या, एक शिलाई मशीन आणि आम्ही. गल्लीत आम्हाला थोरली आणि धाकटी म्हणतात. धाकटी मी, वय वर्षं छप्पन्न. कापणं आणि मशीन माझ्याकडे. हातकाम जाऊबाईंचं: काजं, बटणं आणि कच्चे टाके. मशीनखाली कापड सरकू नये म्हणून त्या आधी हाताने लांब लांब टाके घालून ठेवतात. त्यावर पक्की टीप पडली की कच्चा दोरा ओढून काढायचा. माझ्या डोळ्यांना चटकन दिसावा म्हणून तो लाल. तो ओढायचं काम माझं, आणि ओढला की मी तो सरळ पायाखाली टाकते. तीस वर्षांत त्या फरशीने कधी तक्रार केली नाही.

चिंधी आमची मांजर, आठ महिन्यांची. कातरणांच्या पोत्यात सापडली, डोळेही धड उघडले नव्हते, म्हणून चिंधी. जाऊबाईंनी तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. आपलंच भागत नाही तिथे हे आणखी कुठे, असं मी चांगलं आठवडाभर बडबडले. पण ती मशीनच्या दिव्याखाली उबेला येऊन बसायची, मी सुई ओवायला लागले की पंजा उचलायची, आणि मी खेकसले तरी हलायची नाही. माझ्यासमोर न हलणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. जीव जडला माझा, खोटं कशाला बोलू.

सोमवारी तिने दूध हुंगलं आणि तोंड फिरवलं. मंगळवारी जाऊबाईंनी उकडलेल्या माशाचे काटे काढून ताटलीत ठेवले, तिकडेही बघितलं नाही. संध्याकाळी पिवळं पाणी ओकली आणि कपाटाखाली जाऊन बसली. जाऊबाई म्हणाल्या, डॉक्टरकडे नेऊया. शाळेचे साठ गणवेश शनिवारी द्यायचे होते, बत्तीस व्हायचे होते. मी म्हटलं, मांजराची जात आहे, पोट बिघडलं की आपणहून लंघन करते, तुम्ही लाडावून ठेवलीत म्हणून ताटली घेऊन मागे पळताय. दोन दिवस उपाशी राहिली की येईल झक मारत. जाऊबाईंनी ताटली उचलून ठेवली. त्या माझं ऐकतातच.

बुधवारी मात्र मला राहवलं नाही. मीच तिला टॉवेलात गुंडाळली, औषधाच्या पिचकारीत अंड्याचा बलक भरला आणि तोंडात सोडला. अर्धा माझ्या पदरावर आला, अर्धा तिने गिळला आणि थोड्या वेळाने तोही काढून टाकला. पुन्हा दिला. मी तिला शिव्या घालत होते आणि पदराने तिचं तोंड पुसत होते. हाताला तिचं पोट लागलं, ते लाकडासारखं कडक होतं. मला वाटलं, उपाशी आहे म्हणून.

गुरुवारी दुपारी जाऊबाईंनी हाक मारली. "धाकटे, हे बघ गं. शेपटीखाली दोरा दिसतोय."

बोटभर लांब लाल दोरा बाहेर लोंबत होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. एवढंच ना! दोरा अडकलाय, तो निघाला की पोर जेवेल. जाऊबाई म्हणाल्या, थांब, विचारूया का कुणाला? मी म्हटलं, दोरा काढायचा कसा हे आता मी लोकांना विचारू? त्यांनी तिचे खांदे धरले. मी दोरा चिमटीत घेतला. कच्चा दोरा काढताना झटका द्यायचा नसतो, सावकाश, सरळ रेषेत ओढायचा, म्हणजे कापड ओढलं जात नाही. तसाच ओढला. वीतभर आला. मग अडला. माझ्या बोटांना ते अडणं ओळखीचं होतं, गाठ लागली की असंच होतं, आणि गाठ लागली की जरा जोर लावायचा. चिंधी ओरडली. तसा आवाज तिने आधी कधी काढला नव्हता. दोरा तुटून माझ्या हातात आला.

"निघाला," मी म्हटलं. "आता बघा कशी खाते."

खरंच तिने त्यानंतर दोन-तीनदा पाण्याला जीभ लावली. मी खुशीत मशीनवर बसले आणि सहा गणवेश उरकले. दिवेलागणीला ती आडवी झाली ती उठलीच नाही. जाऊबाई उशाशी बसून राहिल्या. मी नेऊया म्हटलं ते थेट शुक्रवारी सकाळी.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आमच्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी चिंधीचं तोंड उघडलं, जीभ वर केली आणि दिव्याखाली धरली. जिभेच्या मुळाशी लाल दोऱ्याचा फास बसला होता, मांसात रुतलेला. मग त्यांनी पोट चाचपलं, फोटो काढायला आत नेलं, बाहेर येऊन फोटो दाखवायला लागल्या. आतडी कशी झाली आहेत ते सांगायला त्यांना शब्द सापडेना. दोऱ्याचं एक टोक वर अडकलं होतं, म्हणाल्या, आणि दुसरं खाली खाली जात राहिलं, त्यामुळे आतडी सगळी अशी, अशी…

"चुण्या पडल्यात," मी म्हटलं.

फ्रॉकच्या झालरीला मी रोज तेच करते. दोऱ्याचं एक टोक पक्कं करायचं, दुसरं ओढायचं, कापड गोळा होत येतं. त्या म्हणाल्या, बरोबर, आणि ओढलं तर दोरा आतून करवतीसारखा कापत जातो. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. खाली दोरा दिसला होता का, विचारलं. कुणी ओढला का?

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्मभराचा धंदा. त्या दिवशी जीभ उचलली गेली नाही.

"मी ओढला," जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बरंच सुनावलं. आवाज चढवला नाही, पण एकही शब्द सोडला नाही. दोरा दिसला की हात लावायचा नसतो. चार दिवस जनावर खात नाही आणि तुम्ही घरात वाट बघत बसता? सोमवारी, निदान मंगळवारी आणलं असतं तर ही वाचली असती. टेबलावर चिंधी, तिच्या पाठीवर जाऊबाईंचा हात, आणि जाऊबाई मान खाली घालून हो म्हणताहेत, चुकलं म्हणताहेत. त्यांनी मंगळवारीच म्हटलं होतं नेऊया. मी शेजारी उभी होते. डॉक्टरीणबाईंच्या कोटाची शिवण खाली उसवली होती, मी तिच्याकडे बघत राहिले. आता तोंड उघडीन, मग उघडीन, असं करता करता त्या चिंधीला उचलून आत घेऊन गेल्या. पोट उघडून बघते म्हणाल्या, पण आशा ठेवू नका.

दोन तास आम्ही बाकावर बसलो. आतडं तीन ठिकाणी फाटलं होतं. ती टेबलावरच गेली.

तिला नेताना टोपलीत गणवेशाच्या कापडाचं अस्तर घातलं होतं, त्यातच ती परत मिळाली. टोपली जाऊबाईंनी घेतली. रस्त्याला रहदारी होती, दुकानं उघडी होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी मी थांबले.

"जाऊबाई, ओढला मी. तुम्ही कशाला नाव घेतलंत स्वतःचं?"

त्यांनी टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"अगं, बोलणी खायची मला सवय आहे. इतकी वर्षं खातेच आहे. तुझ्या घशाखाली नसती उतरली."

टोचून म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण त्यांना खरंच माझी काळजी वाटली होती.