आज कुणाचं पोट?

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. मास्तरांच्या बहिणीला जुळी मुलं झाली, त्या वर्षी मी या घरात आलो. मला ओतताना माझ्या बुडाशी एक उंचवटा राहून गेला, म्हणून मी कुठेच धड बसत नाही. कुणी बत्ता उचलला की मी डुगडुगतो, सरकत सरकत भिंतीशी जातो. माझ्या जिवाला स्वस्थता अशी कधी नव्हतीच.

मास्तर म्हणजे शिंपी. खाली त्यांचं दुकान आणि वर घर. घराची जमीन लाकडी फळ्यांची. माझी जागा वरच्या मजल्यावर, खालच्या त्यांच्या कापड बेतायच्या टेबलाच्या नेमकी डोक्यावर. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. त्यांच्या हाताला गुण होता. कुणाचं पोट फुगलं, कुणाला करपट ढेकर आले, की त्या ओवा, सुंठ, बडीशेप माझ्यात टाकून ठणठण कुटत. पुडी फक्त मोठ्या माणसांना. लहान मुलांना त्या सरळ डॉक्टरकडे पाठवत.

माझा आवाज खाली दुकानात जाई. माप द्यायला आलेले टपालवाले हात वर करून उभे असत, तसेच ओरडत, "काय मास्तर, आज कुणाचं पोट?"

"तुमचंच असणार. टेप पुरत नाही मला!"

"पुडी घेऊन जा हो भावजी," काकू वरून म्हणत, "आणि दुसऱ्यांदा ताट पुढे करू नका!"

मित्रांनो, तेव्हा मला माझ्या आवाजाचा फार अभिमान वाटे.

मग एका दुपारी काकूंनी माझ्याखाली जाड कापडाची घडी घातली. माझ्याभोवतीही कापड गुंडाळलं. मला वाटलं, माझं डुगडुगणं थांबवतायत. त्यांनी कुटायला घेतलं, तर आवाज कापडातच विरला. ती पुडी त्यांनी कुणाला दिली नाही. स्वतःच्या तोंडात टाकली आणि पोट धरून भिंतीला टेकून बसल्या.

पुढे हे रोजचंच झालं. ताटातला घास ताटातच राहू लागला. एकदा नणंदेने विचारलं, "वहिनी, पोट दुखतंय का गं तुझं?"

"माझंच दुखलं तर माझ्या पुडीला कोण विचारणार?" काकू म्हणाल्या. दोघी हसल्या. माझ्या मात्र बुडाखाली नुसता जाळ पेटला होता.

घडीने आवाज गिळला, पण हादरा तिला गिळता येईना. फळ्यांच्या फटीतून धूळ खाली पडे, ती नेमकी मास्तरांच्या काळ्या कापडावर.

"वर उंदीर झालेत," असं म्हणून मास्तर ती झटकत. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ, पुन्हा झटकणं. मी आतल्या आत तडफडत होतो. मास्तर, उंदीर नाहीत हो, वर येऊन बघा! पण मला नुसतं तोंड आहे, जीभ नाही.

शेवटी ते पिंजरा घेऊन वर आले. काकू कुटत होत्या.

"आवाज कसा नाही याचा? आज कुणाचं पोट?"

"कुणाचं नाही."

काकूंचे कपडे मास्तरच शिवत. त्यांची नजर काकूंच्या कुशीवरच्या शिवणीवर गेली. तिथे कापड आत दाबून नवी टीप घातलेली होती.

"ही टीप माझी नाही," मास्तर हळूच म्हणाले. "किती वाळलीस तू! कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून."

त्यांनी पिंजरा तिथेच टाकला, दुकान बंद केलं आणि काकूंना दवाखान्यात नेलं. परत आले ते एकटेच. बहिणीला म्हणाले, "पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, फार उशीर केलात."

आता मी खाली टेबलावर असतो. कापड हलू नये म्हणून मास्तर मला त्यावर ठेवतात. टपालवाले हात वर करून उभे राहतात, पण विचारत काही नाहीत.

मित्रांनो, ओवा-सुंठ चांगली आहे. एखाद्या दिवसाच्या पोटदुखीला ती पुरते. पण दुखणं रोज येऊन बसलं, जेवण जाईनासं झालं, कपडे ढिले झाले, तर माझ्या भरवशावर राहू नका. डॉक्टरला दाखवा. आणि आपलं दुखणं घडीवर कुटू नका, घरातल्यांना ऐकू येऊ द्या.

काकू वारल्या, ती जुळी मुलं शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, उन्हाळा संपता संपता.