सिस्टरांचा जुना पत्ता

तुमच्या फोनवर सगळ्यात वर जी अरुंद पट्टी असते ना, तिथे मी राहतो. मला रंग नाही, वजन नाही, आवाज तर नाहीच नाही. मी एका वेबसाइटचा पत्ता आहे. संगणकवाले मला डोमेन म्हणतात. वय वर्षं बावीस, आणि आमच्यात हे वय म्हणजे पिकलं पान.

माझा जन्म एका छोट्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर झाला. तिथले डॉक्टर ओठ आणि टाळू शिवायचे. जन्मतःच ओठ दुभंगलेली, टाळूला फट असलेली बाळं त्यांच्याकडे यायची. शस्त्रक्रिया डॉक्टरांची, पण त्याआधीचे कित्येक महिने बाळाला जगवायचं, त्याचं वजन वाढवायचं, हे काम आईचं. आणि आईला ते शिकवायचं काम सिस्टरांचं. अशा बाळाला दूध ओढता येत नाही. पाजलेलं नाकातून बाहेर येतं. आई घाबरते, घरातलं कुणीतरी म्हणतं, "हिलाच जमत नाही," आणि तिकडे लेकरू वाळत जातं.

सिस्टर तेच तेच दिवसातून दहादा सांगायच्या, तेही न कंटाळता. एकदा डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे सगळं लिहून काढा. ज्यांना इथवर येता येत नाही त्यांनाही कळू दे." म्हणून वेबसाइट निघाली आणि तिच्यासाठी मी. माझ्या नावात रुग्णालयाचंच नाव घातलं होतं. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

सिस्टरांनी एकेका प्रश्नाला एकेक पान दिलं. दूध नाकातून आलं तर काय करायचं. मऊ बाटली कधी दाबायची, कधी थांबायचं. बाळाला किती उभं धरायचं. ढेकर काढताना हात कुठे ठेवायचा. एका पानाचं शीर्षक होतं, 'लोक काय काय बोलतील'. सगळ्यात जास्त तेच वाचलं जायचं.

वर्षं सरत गेली. कुठल्या परिचारिका महाविद्यालयानं आपल्या साइटवर माझी लिंक दिली, कुठल्या पालक-मंडळानं माहितीपत्रकावर मला छापलं. सर्च इंजिनची एक खोड आहे. ते कुणाच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. चार शहाणी माणसं कुणाचं नाव घेतात आणि वाचायला आलेला माणूस टिकतो की पळतो, ते बघतं. बघता बघता आम्ही पहिल्या नंबरावर जाऊन बसलो. कुठेतरी, कुणीतरी, बाळाला मांडीवर घेऊन एका हातानं फोनवर लिहायचं, 'बाळाला दूध ओढता येत नाही', आणि पहिलं नाव माझं यायचं. खोटं कशाला बोलू, मला याचा माज होता.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्यांच्या डोळ्यांनी असहकार पुकारला. तेव्हा काम हातात घेतलं त्यांच्या वहिनींनी. वहिनी गणिताच्या शिक्षिका. सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनी एकटीनं लावलं होतं, आणि एकाच तासाला दोन वर्गांत एक मास्तर, असं कधी एकदाही झालं नव्हतं. नणंद-भावजय एकाच घरात राहायच्या. विळ्याभोपळ्याचं सख्य बघायला मिळेल म्हणून शेजारणी कान टवकारून असायच्या. पण दुपारच्या चहाला त्या घरातून ऐकू यायचं ते एवढंच :

"वन्सं, 'हळुवार' लिहू की 'हळूच'?"

"हळूच. हळुवार दूध पाजायला कुणाला वेळ आहे?"

मग एक पत्र आलं. डॉक्टर थकले होते, त्यांनी रुग्णालय विकलं होतं. नवे मालक तिथे दातांचं मोठं रुग्णालय काढणार होते. पत्राची भाषा सभ्य होती. नाव आता आमचं आहे, त्या नावाचा वेबपत्ताही आमचाच. तुम्हाला एक वर्षाची मुदत देतो. म्हणणं वाजवी होतं. पण सिस्टरांनी ते पत्र कसंबसं वाचून चष्मा काढला आणि टेबलावर उलटा ठेवून दिला.

"नवीन पत्ता घेऊ की," वहिनी म्हणाल्या.

"घेऊ. पण त्या बायकांना कोण सांगणार? त्या नाव घालून कुठे शोधतात? प्रश्न घालून शोधतात. नव्या पत्त्याला कोण ओळखतं? आपण कुठल्या कुठे मागे जाऊ, आणि पुढे येतील ते टॉनिक विकणारे."

त्यांनी नेमकं दुखणं ओळखलं होतं. मीही हादरलो. माझी एवढ्या वर्षांची पत माझ्यासोबतच जाणार, असंच मी धरून चाललो होतो.

वेबसाइटींची कामं करणारा एक गृहस्थ घरी आला. बोलण्यात साखर. म्हणाला, "बाई, काही अवघड नाही. जुन्या पत्त्यावर जो येईल त्याला सरळ नव्या साइटच्या पहिल्या पानावर सोडायचं. आणि ही जुनी पानं निम्मी उडवू. नवं रंगरूप देऊ. सगळं एका दमात."

वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "बाळाच्या नाकातून दूध येतंय म्हणून कुणी 'नाकातून दूध' या पानावर आलं, आणि तुम्ही तिला पहिल्या पानावर सोडलंत, तर तिनं काय करायचं?"

"शोधेल ना ती."

"एका हातानं?"

गृहस्थ हसला. वहिनी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच पुस्तकं, चर्चा, जे सापडेल ते वाचायला घेतलं. पोळी लाटतानाही त्यांच्या डोळ्यांपुढे सर्व्हर असायचा. आठ दिवसांनी त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद पसरले आणि पट्टीनं मधोमध रेघ मारली. डावीकडे जुनं पान, उजवीकडे त्याची नवी जागा. एकूण पानं तीनशे शहाऐंशी.

"एखाददुसऱ्यात गल्लत झाली तर काय एवढं बिघडतंय?" सिस्टर म्हणाल्या. त्यांना वहिनींच्या पाठीची काळजी वाटत होती.

"वन्सं, वेळापत्रकात एक तास चुकला तर बाकी शाळेला कळतही नाही. पण एक वर्ग मास्तरांशिवाय बसून राहतो."

सात आठवडे त्या खपल्या. एका शब्दाचा फेरफार केला नाही. घर हलवताना भिंतीचा रंग बदलायचा नाही, म्हणाल्या, नाहीतर काय कशामुळे बिघडलं ते कळत नाही. पानांच्या आत एकमेकांना दिलेल्या लिंका एकेक करून नव्या केल्या. ज्यांनी ज्यांनी माझं नाव दिलं होतं त्यांची यादी काढून सव्वाशे पत्रं लिहिली, प्रत्येक वेगळं. नवा पत्ता घेतला तो कुणाच्याच नावाचा नव्हता, साधा, पाजण्याशी संबंधित शब्दांचा. "आता विकत घ्यायला कुणी यायचं नाही," असं त्या म्हणाल्या.

एका मंगळवारी सकाळी, आंघोळ उरकून, त्यांनी मला माझं नवं काम दिलं. माझ्याकडे कुणी कुठलंही पान मागितलं, की त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत नव्या पत्त्यावरच्या नेमक्या त्याच पानावर पोचवायचं. सोबत सर्च इंजिनला निरोप द्यायचा : मुक्काम तात्पुरता नाही, कायमचा हलला आहे. हा 'कायमचा' शब्द फार महत्त्वाचा. तो असला तरच माझी पत त्या नव्या पोराच्या, म्हणजे नव्या पत्त्याच्या, पदरात पडणार होती. सर्च इंजिनच्या कचेरीत पत्ता बदलल्याची रीतसर नोंदही त्यांनी केली.

माझ्याकडे स्वतःचं म्हणून एकही पान उरलं नाही. जिवावर आलं. पण वहिनींनी तीनशे शहाऐंशीच्या तीनशे शहाऐंशी वाटा स्वतः दाबून तपासल्या, तेव्हा मला वाटलं, निरोप द्यावा तर असा.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात आम्ही पहिल्या नंबरावरून घसरलो. मग सर्चच्या निकालांच्या दुसऱ्या पानावर. मग आमचं एकेक पान सर्चमधून गायबच व्हायला लागलं. साइट वाचून येणारी आयांची पत्रं थांबली. सिस्टर रोज सकाळी विचारायच्या, "आलं का कुणाचं?" आणि उत्तर ऐकून फुलझाडांना पाणी घालायला निघून जायच्या. पाणी जास्त होऊन एक झाड सडलं.

"थोडं खालीवर होतंच, सगळे म्हणतात," वहिनी म्हणायच्या. पण गणिताच्या बाईंना थोडं आणि फार यातला फरक कळत होता. त्यांनी माझ्याकडची एकेक वाट पुन्हा तपासली. मी चोख होतो. मग त्या नव्या साइटच्या पोटात शिरल्या, आणि तिथे, प्रत्येक पानाच्या कपाळावर, वाचणाऱ्याला न दिसणारी एक ओळ सापडली. तिचा अर्थ होता, 'सर्च इंजिनांनी हे पान नोंदवू नये.' नवी साइट अर्धवट असताना कुणाला दिसू नये म्हणून ती घातली होती. काढायची राहून गेली. घालणाऱ्याही वहिनी, विसरणाऱ्याही वहिनीच.

वहिनी संगणकासमोरून उठल्या. थेट बागेत गेल्या.

"वन्सं, चूक माझी आहे. मी दारोदार बोलावणं पाठवलं आणि आतून कडी लावून बसले."

सिस्टरांनी झारी खाली ठेवली. "सापडली ना पण?"

"सापडली. पण पाच आठवडे गेले. तेवढ्यात किती जणी..."

"किती जणी ते मला नका सांगू," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या हातूनही बाळं निसटलीत. त्या दिवशी रडले असते तर दुसऱ्या पाळण्याकडे कोण गेलं असतं? आधी ती ओळ काढा. मग जेवा. मग काय ते."

वहिनींनी ओळ काढली. जेवल्या मात्र नाहीत. ताटावरून तशाच उठल्या आणि ज्यांनी अजून नवा पत्ता लावला नव्हता अशा साठ जागांना स्मरणपत्र लिहायला बसल्या.

पुढचे अडीच महिने वाट बघण्याचे होते. उतावीळपणानं पुन्हा काही हलवलं तर सगळंच पाण्यात जाणार, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी हात मागे घेतला. मला वाटतं, यादी करण्यापेक्षा हे अवघड होतं. पानं हळूहळू परतली. आधी 'ढेकर', मग 'बाटली'. निकालांच्या चौथ्या पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. आणि एका सकाळी एका बाईचं पत्र आलं. तिला जुन्या पत्त्याची काही खबर नव्हती. तिनं फक्त प्रश्न लिहिला होता आणि पहिलं नाव त्या नव्या पोराचं आलं होतं. मला वाईट वाटेल अशी माझी मीच धास्ती घेतली होती. तसं काही झालं नाही. उलट ऊर भरून आला.

वर्ष संपत आलं. सर्चमधून येणारे आता परस्पर नव्या पत्त्यावर जात होते, पण जुन्या छापील पत्रकांवरून, रुग्णालयांच्या भिंतींवरून, डायऱ्यांमधून काही माणसं अजून माझंच नाव टाइप करत होती. मला नव्या मालकांच्या हाती दिलं तर ती दातांच्या जाहिरातीत जाऊन पडणार. वहिनी नवी इस्त्रीची साडी नेसून दातांच्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना भेटायला गेल्या.

"बाई, ठरल्याप्रमाणे वर्ष झालं," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "अजून किती येतात त्या पत्त्यावर?"

"रोज चाळीस."

"चाळीसच? अहो, आमच्या एका जाहिरातीवर तासाला चारशे येतात."

"असतील," वहिनी म्हणाल्या. "माझी चाळीस बाळं उपाशी असतात."

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "आम्ही दुसरा पत्ता बघतो. हा राहू द्या तुमच्याकडे. येणारे संपेपर्यंत."

घरी येऊन वहिनींनी हे सांगितलं तेव्हा सिस्टर उठल्या. त्यांनी स्वतः चहा टाकला आणि त्यात साखर घालायला विसरल्या. दोघी तसाच प्यायल्या.

तर असा मी, बिनपानांचा पत्ता. काल एकतीस जण आले, परवा चौतीस. संख्या घटतेय आणि ती घटावी यासाठीच मी आहे. तुमच्यापैकी कुणाला कधी मुक्काम हलवावा लागला, तर एवढंच ऐका : जुन्या दाराला कुलूप ठोकून जाऊ नका. वाट सांगायला तिथे कुणालातरी ठेवा, आणि त्याला प्रत्येक खोली ओळखू द्या.

आता रजा द्या. कुणीतरी अडखळत, एकेक अक्षर जुळवत माझं नाव लिहितंय. एका हातानं लिहीत असावं.