तीन तिकिटांचं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. सेलूतल्या एका घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीमागे माझा मुक्काम असतो. सकाळी पोळ्या झाल्या की मंजुषाताई मला उचलतात आणि परातीला चिकटलेली कणीक माझ्या कडेने खरवडतात. मग नळाखाली धरतात, झटकतात आणि परत बरणीमागे ठेवून देतात. माझा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे. तो का कापला हे सांगताना मला आजही लाज वाटते. पण सांगतो. उद्या तुमच्याही खिशात माझे भाऊबंद येतील, तेव्हा आत्ताच ऐकलेलं बरं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. प्लास्टिकचा एक मोठा तक्ता होता, त्यातून आम्ही शेकड्याने कापून निघालो, एवढंच माहीत आहे. कुणी माझ्या अंगावर सोनेरी चौकोन बसवला, कुणी बन्सीधर हे नाव उमटवलं आणि पाकिटात बंद होऊन मी सेलूला आलो. बन्सीधर सर बोरीच्या शाळेत गणित शिकवतात. रोज मोटारसायकलवर जातात, संध्याकाळी परततात. मी आलो त्या दिवशी मंजुषाताई मला देवापुढे ठेवून कुंकू लावायला निघाल्या होत्या. सर ओरडले, "अगं, त्याला नको लावू! मशीन घेणार नाही." मग कुंकू पाकिटालाच लागलं. किती हसले होते सगळे!

माझं काम काय, ते सांगतो. माझ्यावर खर्च केला की पॉइंट जमा होतात. पॉइंट पुरेसे साठले की विमानाची तिकिटं मिळतात. हे कळल्यापासून घरात एकच विषय. सरांची मुलगी साक्षी तेव्हा सातवीत होती. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. आपल्या परभणी जिल्ह्यात गोदावरी आहे, पण समुद्र कुठून येणार? सर म्हणाले, "समुद्र बघायचा तर वरून बघू. दिवाळीच्या सुटीत सिंगापूर!" साक्षीने चौकटीच्या कागदावर विमान काढलं आणि फ्रिजवर चिकटवलं. हजार पॉइंट झाले की ती एक चौकट निळी रंगवायची. त्या निळ्या चौकटी पाहून माझी छाती फुगायची. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

मास्तरांचा पगार तो केवढा, आणि घरचा खर्च तो केवढा! किराणा, गॅस, पेट्रोल घालून विमानाची शेपटीसुद्धा रंगेना. मग सरांनी एक युक्ती काढली. दुसऱ्याचा खर्च असला की ते माझ्यावर करायचे आणि तो माणूस त्यांना रोख द्यायचा. शाळेतल्या शिपायाचा फ्रिज माझ्यावर आला. कुणाची पाण्याची मोटार आली, कुणाच्या लग्नाचा बस्ता आला. सर म्हणायचे, "मोठा खर्च करायचा असला की आधी मला फोन करा. मी कार्ड घेऊन येतो." घरी मंजुषाताईंनी विचारलं की म्हणायचे, "त्यांना तेवढेच पैसे पडतात, आपल्याला पॉइंट मिळतात. कुणाचं काही जात नाही."

आणि खरंच तोवर कुणाचं काही जात नव्हतं. उलट गावात सरांचं नाव झालं. लोकांना वाटायचं, सर अडीनडीला धावून येतात. बोरीच्या पारावर मी माझ्या कानांनी ऐकलंय, "सर लय भला माणूस. बोलावलं की हजर." सर खिशात हात घालून मला कुरवाळायचे, पण त्या लोकांना पॉइंटचं काही सांगायचे नाहीत. मीही सुखात होतो. चांगुलपणाचा मान फुकटात मिळत असेल तर कोण नको म्हणतं?

बोरीच्या शिवारात मल्हारी आणि कासाबाई राहतात. मेंढरं-शेळ्या राखतात, दोन एकर कोरडवाहू आहे. त्यांचा मुलगा सरांच्या हाताखाली शिकून पुढे गेला, म्हणून मल्हारीचा सरांवर फार जीव. कासाबाई चातीवर लोकरीचं सूत काढते. असं एकसारखं सूत पंचक्रोशीत कुणाला जमत नाही, असं मल्हारी सगळ्यांना सांगायचा. सरांना भेटला की म्हणायचा, "सर, तुमच्या पोरीला एक घोंगडी द्यायचीय. सूत सुरू केलंय हिनं."

मग तो मार्चमधला रविवार आला. वर्ष संपायला दोन दिवस उरले होते. वर्षाच्या आत ठरलेला खर्च झाला तर बँकेकडून एकदम मोठे जादा पॉइंट मिळणार होते, आणि साक्षीच्या विमानाचे दोन्ही पंख कोरे होते. सर सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. अजून पन्नास हजारांचा खर्च हवा होता. तो आणायचा कुठून?

दुपारी जेवणं चालली असताना फोन वाजला. मल्हारी होता. परभणीच्या एका दवाखान्यातून बोलत होता. कडबा कापायच्या यंत्रात कासाबाईचा उजवा हात गेला होता. अंगठ्याशेजारचं बोट तुटायला आलं होतं.

"सर, पैसे भरायलोय," मल्हारी म्हणाला. "कालच बोकडं इकली, रोकड हाय खिशात. साठ हजार भरा, मगच आत घेतो म्हनायलेत. तुमी म्हनले व्हते मोठा खर्च असला की फोन करा, म्हनून केला."

मित्रांनो, तो माणूस मदत मागत नव्हता. पैसे त्याच्या खिशात होते आणि पैसे भरायची खिडकी त्याच्या पुढ्यात होती. सरांनी आधी सांगून ठेवलं होतं, तो शब्द पाळायला त्याने फोन केला होता.

सरांची नजर फ्रिजवर गेली. मग ते म्हणाले, "थांबा मल्हारी, भरू नका. कार्डावर सवलत मिळते. मी निघालोच."

सवलत नव्हती. मला विचारा ना, मी तर कार्डच आहे. दमडीची सवलत नव्हती.

सरांनी हात धुतले, कपडे बदलले, मला खिशात टाकलं. सेलूहून परभणी काही जवळ नाही. आणि अर्ध्या वाटेत ते पेट्रोल पंपावर थांबले. टाकी अर्धी भरलेली होती, तरी थांबले, कारण खर्चात तेवढीच भर पडत होती. पुढे चार गाड्या होत्या. सर घड्याळ बघत होते, मीही बघत होतो, आणि दोघांच्याही मनात पॉइंटच होते. पावणेदोन तासांनी आम्ही पोचलो. मल्हारी खिडकीपाशी तसाच उभा होता. कासाबाई बाकावर बसली होती, हात धडुत्यात गुंडाळलेला. ओठ दाबून धरले होते तिने, आवाज म्हणून नाही.

मी मशीनमध्ये गेलो. यंत्रातून 'टुक' असा आवाज आला आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च पार पडला. लगेच सरांच्या फोनवर अभिनंदनाचा निरोप आला. ठरलेला खर्च पूर्ण झाला होता. सर हसले! कासाबाई बाकावर असताना, तिच्या देखत हसले. आणि मलाही आनंद झाला होता, हे लपवून काय करू?

डॉक्टर तपासून बाहेर आले तेव्हा म्हणाले, "बोट काढावं लागेल. दीड-दोन तास आधी हाती आलं असतं तर जोडायचा प्रयत्न केला असता. जमलंच असतं असं नाही, पण केला असता."

मल्हारीने कपाळाला हात लावला. "आमचंच चुकलं," तो सरांना म्हणाला. "गाडी लवकर मिळाली न्हाई. तुमी तरी काय करताल सर? तुमी तर जेवन सोडून धावत आले." आणि त्याने सरांचे पाय धरले. सर मागे सरकले, पण बोलले नाहीत. एक वाक्य बोलायचं होतं, तेही नाही.

त्या रात्री घरी पेढे आले. साक्षीने दोन्ही पंख निळे केले. तिकिटं निघाली. गल्लीत चर्चा झाली, "मास्तरांनी पॉइंटवर सिंगापूर काढलं हो!" शाळेत शिक्षकांनी सरांना सगळं समजावून सांगायला लावलं. सर मला हातात उंच धरून बोलायचे, आणि दवाखाना मात्र गाळायचे. मी चकाकत राहायचो. बाहेरून चकाकत होतो, आतून मात्र मला त्या बाकाची आठवण यायची.

दिवाळी झाली. निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी, बॅगा भरणं चाललं होतं. दारात मल्हारी आणि कासाबाई उभे राहिले. मल्हारीच्या खांद्यावर नवीकोरी काळी घोंगडी होती.

"परदेशात थंडी असती म्हनं," कासाबाई म्हणाली. "पोरीला असू द्या. विणकराकडून परवाच आली."

सिंगापूरला थंडी नसते. पण कुणी तसं बोललं नाही. मंजुषाताईंनी घोंगडी घ्यायला हात पुढे केले आणि त्यांना तो हात दिसला. "अगं बाई! बोटाला काय झालं?"

कासाबाईने साधेपणाने सगळं सांगितलं. यंत्र, जीप, दवाखाना. "रोकड खिशात व्हती, भरायलोच व्हतो. पर सर म्हनले थांबा, सवलत करून देतो. येस्तोवर थांबलो. देवमानूस हाय तुमचा मालक."

मंजुषाताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. पंख रंगवले तो रविवार त्यांच्या लक्षात होता, पेढ्यांसकट. पण बोलली ती साक्षी. पोर मोबाईलवर रोज माझा हिशेब बघायची, तिला माझं सगळं ठाऊक होतं. "पप्पा, कार्डावर दवाखान्यात सवलत कुठं मिळते?"

सर पलंगावर बसले. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील, आणि मित्रांनो, खरं सांगतो, मारावी असं मला वाटत होतं. पण सर म्हणाले, "सवलत नव्हती, मल्हारी. मी खोटं बोललो."

"मंग थांबवलं कशाला?" मल्हारीने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

सरांनी मला खिशातून काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. पॉइंट कसे जमतात, त्या दिवशी किती कमी होते, सगळं सांगितलं. विद्यार्थ्याने फळ्यापुढे उभं राहून चूक कबूल करावी तसं, मान खाली घालून. मल्हारीने मला उलटंपालटं करून पाहिलं. त्याचा तळवा खरखरीत होता. त्यावर माझं वजन काय ते असणार?

"येवढ्यासाठी?" तो म्हणाला.

मग त्याने मला पलंगावर ठेवलं आणि चपला घातल्या. मंजुषाताई रडत म्हणाल्या, "चहा तरी घ्या." तो थांबला नाही. सरांनी घोंगडी उचलून कासाबाईपुढे धरली. "ही मी कोणत्या तोंडानं ठेवून घेऊ?"

कासाबाईने ती हातात घेतली, चार बोटांनी पुन्हा नीट घडी घातली आणि साक्षीच्या मांडीवर ठेवली. "तुमाला कुठं दिलीय?" ती म्हणाली. "लेकराला दिलीय." आणि नवऱ्याच्या मागे निघून गेली.

तिकिटं परत होत नव्हती. आम्ही गेलो. जायला नको होतं असं मंजुषाताई अजून म्हणतात, पण गेलो. विमानात गार हवा सोडतात, साक्षी कुडकुडायला लागली, तेव्हा तीच घोंगडी तिने अंगावर घेतली. खाली समुद्र आला. सर म्हणाले, "साक्षी, बघ." ती खिडकीबाहेर बघत नव्हती. घोंगडीवरून हळूहळू हात फिरवत होती. मग तिने सरांचा हात धरून घोंगडीवर एका जागी ठेवला.

"पप्पा, इथपर्यंत सूत एकसारखं आहे," ती म्हणाली. "इथून पुढं जाडबारीक आहे."

सरांनी हात काढला नाही. उरलेला सगळा प्रवास त्यांनी त्या जाडबारीक सुतावर हात ठेवून केला. मी खिशात होतो, त्यांच्या काळजाला लागून, आणि मला कुठेतरी पडून हरवावंसं वाटत होतं.

परतल्यावर सरांनी माझा कोपरा कापला. ज्या लोकांसमोर मला मिरवलं होतं त्या सगळ्यांना, शाळेत आणि बोरीच्या पारावरही, त्यांनी दवाखान्याची गोष्ट सांगितली. काही जण त्यांच्याशी बोलेनासे झाले. मल्हारीकडे ते तीनदा जाऊन आले. दोनदा तो रानात असल्याचं कळलं. तिसऱ्यांदा घरी होता, त्याने पाणी दिलं, पण बोलला नाही. पूर्वी रस्त्यात मेंढरं आडवी आली की तो लांबूनच हाक मारायचा, "राम राम सर!" आता मेंढरं जातात, मागून तो जातो, आणि सर मोटारसायकल बंद करून, सगळा कळप जाईपर्यंत उभे राहतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसं मागणार नाही. मी कणीक खरवडतो, तेवढंच माझ्या लायकीचं आहे. मी एवढंच मागतो. फिरायला जा, समुद्र बघा, पॉइंटही जमवा. पण कुणी पैसे मुठीत धरून खिडकीपाशी उभा असेल, तर त्याला आधी भरू द्या. "थांबा" म्हणू नका.

थंडी पडली की साक्षी ती घोंगडी पांघरून ओट्याजवळ अभ्यासाला बसते. वाचता वाचता तिचं बोट घोंगडीवरून सरकत जातं आणि एका जागी थांबतं. तेव्हा मी बरणीच्या आणखी मागे सरकलो असतो, पण मला हलता येत नाही.