ताळा न केलेला काळोख

गोड पोहे, वर ओलं खोबरं, भोवती पाच फळं.

रबर बांधून बसवलेलं रिमोटचं झाकण.

दुपारी दोनचा क्रिकेटचा सामना.

मुगाच्या डाळीएवढा एक दिवा. त्याचे बारा भाऊ.

"ताळा केलास का?"

अकरा मिनिटं.

मित्रांनो, या गोष्टी एकमेकींच्या कुणी लागत नाहीत असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. मी एक जुनी बॅटरी आहे. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, पण पुस्तकात मी कधी राहिले नाही. मी राहते पनवेलला, प्रभाकरच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, डाव्या खणात. बोटाएवढी माझी उंची. पोटात दोन बारीक सेल, तोंडात पिवळा बल्ब. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. पहिली आठवण आहे ती प्रभाकरच्या वडिलांच्या, तुळशीरामांच्या शर्टाच्या खिशाची. खिशाला सोल्डरचा वास यायचा.

तुळशीराम रेडिओवाले होते. प्रभाकर टीव्हीवाला झाला. आधी डबे टीव्ही, मग सपाट. सपाट टीव्ही आले तसं माझं नशीब उघडलं.

कसं ते सांगते. सपाट टीव्हीची काच स्वतः उजेड देत नाही. काचेवर फक्त चित्र असतं. त्या चित्रामागे बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात आणि त्या चित्र उजळवतात. दिवे एकामागून एक, हात धरून उभे असावेत तसे जोडलेले. एकाने हात सोडला की सगळी पट्टी विझते. मग टीव्ही बोलतो, पण दिसत नाही. घरातले म्हणतात, मेला. पण तो मेलेला नसतो. खोलीत काळोख करायचा आणि काचेला जवळजवळ चिकटवून तिरका उजेड टाकायचा. आत चित्र जिवंत असेल तर पाण्याखालच्या मासोळीसारखं हलताना दिसतं. दिसलं की काच चांगली, फक्त मागचे दिवे गेलेले. काहीच दिसलं नाही, तर बहुतेक काच गेली, म्हणजे टीव्हीच गेला.

तो तिरका उजेड म्हणजे मी.

"हजारांची यंत्रं एका बाजूला, माझी ही बारकी एका बाजूला," असं प्रभाकर गिऱ्हाइकांना सांगायचा. मी फुगायचे. आता त्या कौतुकाची मला लाज वाटते.

रेबेकाबाई प्रभाकरच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. लाइन आळीजवळ दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान एलियास टपाल खात्यात होते. त्यांच्या मराठी ज्यू समाजात नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या आधी मलिदा करतात. गोड पोहे, खोबरं, फळं मांडून एलियाहू नबीची आठवण काढतात. अशाच एका मलिद्याला एलियास पेटी घेऊन बसले आणि त्यांनी मराठीतलं कीर्तन म्हटलं. गावातल्या केबलवाल्याने ते दाखवलं. तेव्हा केबलची वायर थेट टीव्हीत जायची. एलियासांनी रिमोटचं लाल बटण दाबून स्वतःचंच गाणं पेन ड्राइव्हवर टिपून घेतलं. अकरा मिनिटं.

पण त्या टीव्हीची एक खोड होती. त्याने टिपलेलं फक्त तोच दाखवायचा. दुसऱ्या कुठल्याही टीव्हीला, कॉम्प्युटरला ते कुलूपबंद.

एलियास गेले. रेबेकाबाई अधूनमधून ती अकरा मिनिटं लावायच्या. मोबाइलवर उतरवून घ्यायचं राहून गेलं. घरातच असलेली गोष्ट कोण उतरवून घेतं?

मग त्यांचं मुलीकडे इस्रायलला जायचं ठरलं, कायमचं. निघायला नऊ दिवस उरले असताना, एका रविवारी, त्यांचा प्रभाकरला फोन आला.

आम्ही पोचलो तेव्हा घरभर खोकी होती. खिडक्यांचे पडदे काढून घड्या घातलेले. उजेड सरळ टीव्हीवर.

"आवाज येतो रे, पण सगळं काळं," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायच्या आधी चांगला होता. शनिवारी शब्बाथ, आम्ही टीव्ही लावत नाही. आज लावला, तर एकदा वीज चमकावी तसा चमकला आणि गेला."

मित्रांनो, या वाक्यात सगळं होतं. एकदा चमकून विझला, म्हणजे मागच्या दिव्यांचा दोष. प्रभाकरला हे झोपेतसुद्धा माहीत. पण त्या दिवशी दोनला सामना होता आणि सकाळपासून पाच घरांचे फोन येऊन गेले होते. वाक्य त्याने ऐकलं. मीही ऐकलं.

"प्रभाकर, एलियासचं गाणं फक्त त्याच्यावरच लागतं. एवढं मोबाइलवर घेतलं की मी सुटले."

"बघतो बाई."

त्याने मला काचेवर धरलं. माझ्यात सेल जुने होते. उजेड पडला तो हळदीच्या पाण्यासारखा, त्यावर खिडकीतलं ऊन. आत मला काही दिसलं नाही. त्यालाही नाही. त्याने मला दोनदा इकडून तिकडे फिरवलं आणि खिशात टाकलं.

"पॅनल गेलं, बाई. म्हणजे ही काचच."

"मग गाणं?"

"ते आता निघणार नाही. पडद्यावरची यादी दिसल्याशिवाय ते लावताच येत नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. वर्गात बघत असतील तशा.

"ताळा केलास का?"

"केला बाई."

त्याने ताळा केला नव्हता. पाठचं झाकण उघडलं नव्हतं, मीटर लावला नव्हता, खिडकीवर साधी चादर टाकली नव्हती. चौथीत असताना तो उत्तराखाली ताळ्याचे आकडे अंदाजाने मांडायचा आणि बाई ते बरोब्बर पकडायच्या, असं तो स्वतःच हसून सांगत असे. त्या दिवशी त्यांनी पकडलं नाही. आपला विद्यार्थी मोठा झाला असं त्यांना वाटलं असावं.

"त्याच्या गाण्यात मी दर वेळी चूक काढायचे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कडव्यात सूर खाली जायचा. आता कुणाची काढू? घेऊन जा हा टीव्ही. निघताना डोळ्यांसमोर नको."

प्रभाकरने तो टीव्ही दुकानात आणून भिंतीकडे तोंड करून ठेवला, शिक्षा केल्यासारखा. त्याच आठवड्यात त्याने चार्जिंगची नवी पांढऱ्या उजेडाची बॅटरी घेतली. मी खणात गेले. तुटके फ्यूज, स्क्रू, गंजलेली कैची आणि मी. तिथे विचार करायला वेळ भरपूर होता.

श्रावणातली दुपार. वारा असा की पाऊस दुकानात शिरत होता, म्हणून शटर अर्ध्याच्या खाली ओढलेलं, आत काळोख. शिरढोणच्या एका गिऱ्हाइकाला काही पार्ट हवे होते. प्रभाकरने भिंतीकडचा टीव्ही टेबलावर आडवा घ्यायच्या आधी प्लग लावला. पार्ट काढण्याआधी एकदा नाडी बघायची, ही तुळशीरामांची शिस्त. नवी बॅटरी तो ओव्याला कुणाकडे तरी विसरून आला होता. त्याने खण उघडला, मला काढलं, पाकिटातले कोरे सेल घातले.

टीव्ही चमकला. विझला. मी काचेला टेकले.

आत अक्षरं होती. फिकी, पण सरळ. 'पेन ड्राइव्ह जोडा.'

प्रभाकर स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने मला बंद केलं नाही. मग उठून त्याने पाठ उघडली, काच अलगद उचलून बाजूला ठेवली, एकेका दिव्याला मीटर लावला. तेरा दिव्यांची पट्टी, त्यातला एक गेलेला. मुगाच्या डाळीएवढा. मधोमध काळा ठिपका. नवी पट्टी बसवायला चाळीस मिनिटं लागली. टीव्ही लख्ख उजळला.

त्याने बाईंना इस्रायलला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर माझ्या शेजारी ठेवला.

"बाई, प्रभाकर. पनवेलहून."

"बोल रे. इथे आत्ता नाश्ता चाललाय."

"पॅनल गेलं नव्हतं, बाई."

"मग काय गेलं होतं?"

"एक बारका दिवा."

तिकडे भांड्याचा आवाज झाला.

"पेन ड्राइव्ह पाठवा बाई. मी स्वतः मोबाइलवर घेतो आणि..."

"ती नातीने पुसली. शाळेचं काहीतरी भरलं तिने. मीच दिली. निघणार नाही म्हणालास ना?"

"हो बाई. मीच म्हणालो."

"ताळा केला म्हणालास."

"नव्हता केला."

मला वाटलं, आता त्या रागावतील. प्रभाकरलाही ते हवं होतं, त्याच्या मानेवरून कळत होतं. बाई रागावल्या नाहीत.

"आता चालतो टीव्ही?"

"चालतो."

"मग कुणाला तरी दे. काळा ठेवू नकोस."

त्याने अजून कुणाला दिलेला नाही. पण काळाही ठेवलेला नाही. दुकान उघडं असेपर्यंत तो चालू असतो, आवाज बंद करून. आणि प्रभाकर आता कुठल्याही घरी गेला की आधी खिडकीवर चादर टाकतो, "एकदा चमकला का?" असं विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत थांबतो. मला तो पुन्हा खिशात ठेवू लागलाय. मी त्या खिशाच्या लायकीची आहे का, हे मी त्याला विचारू शकत नाही.

मित्रांनो, मला बोलता येत नाही ही माझी सबब होती. ती मी खणात बसून पुष्कळदा घोळवली. पण खरं सांगू? मी पेटलेच नसते, तर प्रभाकरने दुसरा उजेड शोधला असता. मी अर्धवट पेटले. अर्धवट उजेड काळोखापेक्षा वाईट, कारण त्यावर माणसाचा विश्वास बसतो.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. टीव्हीचा उजेड उगाच पूर्ण वाढवून ठेवू नका, मागचे दिवे लवकर थकतात. बॅटरीतले सेल वेळेवर बदला. आणि एखादी गोष्ट मेली असं सांगायच्या आधी ताळा करा. खरा करा. समोरचं माणूस तुमच्यावर विश्वास ठेवणारं असेल, तर दोनदा करा.

त्या रविवारी बाईंच्या घरात शिरल्या शिरल्या प्रभाकरने त्यांचा रबर बांधलेला रिमोट चालावा म्हणून माझ्यातले चांगले सेल काढून त्यात घातले होते, आणि रिमोटमधले संपलेले माझ्यात.