मी पाव किलो नाही!

मित्रांनो, मी एक जुने पत्र्याचे मापटे आहे आणि आज मला भयंकर राग आला आहे. आधी माझी हकिकत ऐका. राग रास्त आहे की नाही, ते मग तुम्हीच ठरवा.

एका पत्रेकाराने तेलाचा रिकामा डबा कापून मला घडवले. कुणाचे बोट कापू नये म्हणून काठ दुमडला, बाजूला धरायला कान जोडला. तिथून मी मेंढ्या पाळणाऱ्या एका घरात आले. माझ्यात काठोकाठ भरलेला गव्हाचा कोंडा पाव किलो भरे. सासूबाईंनी एकदा तोलून पाहिले आणि माझे नावच 'पाव किलो' पडले. मला कुणी विचारले नाही.

यंदा दूध तुटलेली कोकरे थोरल्या सुनेने हट्टाने आपल्याकडे घेतली. सासरे म्हणाले, "महिन्याभरात अंग धरलं तर ठेवू. नाहीतर आहेत तशी खाटकाला."

तिने जनावरांच्या डॉक्टरांना विचारून खुराक ठरवला. वाढत्या अंगाला प्रथिने लागतात, म्हणून पेंड. ती प्रथिने पोटात सावकाश सुटावीत, म्हणून थोडी करडी खनिज माती. पन्नास किलो खुराकाला एक किलो, जास्त नाही.

खुराक कालवायचे काम धाकट्या दिराचे.

"भावजी, माती काट्यावर तोला हं."

"काटा कशाला, वहिनी? हे पाव किलो आहे ना! चार मापटी म्हणजे एक किलो. एवढं गणित येतं मला!"

मित्रांनो, कोंडा फुसका असतो. त्याच्या कणांमध्ये हवाच जास्त. माती मात्र गच्च बसते. मी एकदा भरले की त्यात जवळजवळ किलोभर माती! म्हणजे एका किलोच्या जागी चार किलो. मी पत्र्याचे, ओरडणार कसे?

कोकरांची पोटे नगाऱ्यासारखी झाली, पण पाठीचा कणा हाताला टोचू लागला. ती गव्हाण हुंगून तोंड फिरवत.

"लेकरांना माती चारतेय आमची डॉक्टरीण!" सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांनी खाटकाला निरोप धाडला.

त्या दिवशी दीर कालवत असताना ती गोठ्यात आली आणि बघतच राहिली.

"भावजी, कोंड्याचं मापटं तुम्ही एका बोटावर उचलता. आज दोन हात कशाला?"

"माती आहे, जड असणारच की..." बोलता बोलता त्याने काट्याकडे पाहिले.

तिने मला मातीसकट उचलून काट्यावर ठेवले आणि सासऱ्यांना हाक मारली. काटा किलोपाशी थांबला. त्यांनी खाटकाला थोपवले. माती तोलून पडू लागली तशी कोकरे गव्हाणीवर तुटून पडू लागली. महिना सरला तेव्हा सासऱ्यांनी एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि खाटकाला सांगितले, "रिकामाच जा, बाबा."

कोकरे वाचली. पण दिराने "माप खोटं निघालं!" म्हणत मला लाथाडले. माझा कान तुटला.

खोटे मी? मी फक्त जागा मोजते. वजन तुम्ही माझ्या तोंडी घातलेत! मित्रांनो, ज्या मुक्या जिवाला स्वतःचे ताट वाढून घेता येत नाही, त्याचा घास तोलूनच द्या. आणि आळस तुमचा असेल, तर लाथ पत्र्याला मारू नका.